मध्यवय, रजा आणि व्यवसायांतर : डेव्हिड लॉज यांच्या 'चेंजिंग प्लेसेस' या कादंबरीचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

अध्यापकाच्या सेवाकाळात चाळिशीच्या सुमारास एक टप्पा असा येतो की, नोकरी कायम झालेली असते, अभ्यासक्रम तोंडपाठ झालेला असतो आणि निवृत्तीपर्यंतची वीस वर्षे कशी जातील याचा अंदाज बांधता येऊ लागतो. स्थैर्य हीच या टप्प्याची जमेची बाजू आणि स्थैर्य हीच त्याची अडचण. मानसशास्त्रज्ञ एलियट जॅक्स यांनी १९६५ साली आपल्या शोधनिबंधात 'मध्यवयातील पेचप्रसंग' ही संकल्पना मांडली. त्यानंतर डॅनियल लेव्हिन्सन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पस्तीस ते पंचेचाळीस या वयोगटातील चाळीस पुरुषांच्या जीवनक्रमाचा अभ्यास करून मध्यवयीन संक्रमणाची मांडणी केली. त्या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या, ही गोष्ट प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने पुढे महत्त्वाची ठरते.

या पेचावर विद्यापीठीय व्यवस्थेने शोधलेला एक उपाय म्हणजे सॅबॅटिकल रजा. तिचे मूळ बायबलमधील 'लेवीय' या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात सापडते. सहा वर्षे शेत पेरावे आणि सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती द्यावी, असा तेथील दंडक आहे. हार्वर्ड विद्यापीठाने १८८० साली या कल्पनेला अध्यापकांच्या सेवाशर्तींत स्थान दिले आणि तेथून ती अन्यत्र पसरली. जमीन पड टाकणे ही गोष्ट आपल्याकडील शेतकऱ्यालाही परिचित आहे. पड टाकलेल्या जमिनीचा कस वाढतो हे तो जाणतो. पण पड जमिनीत हरळीही माजते आणि पुढचे पीक पुन्हा केलेल्या मशागतीवर अवलंबून असते, हेही तो जाणतो. रजेविषयीच्या चर्चेत यातील पहिलाच भाग बहुधा सांगितला जातो.

रजेमुळे अध्यापकाचे मध्यवयीन व्यवसायांतर घडून येते काय, हा प्रश्न ज्या साहित्यकृतीत कथानकाच्या केंद्रस्थानी येतो, ती म्हणजे ब्रिटिश कादंबरीकार व समीक्षक डेव्हिड लॉज (१९३५-२०२५) यांची १९७५ साली प्रसिद्ध झालेली 'चेंजिंग प्लेसेस' ही कादंबरी. हॉथॉर्नडेन पुरस्कारप्राप्त अशी ही कृती विनोदी 'कॅम्पस कादंबरी' म्हणून सर्वत्र वाचली जाते. इंग्रजी विभागांतून तिची चर्चा प्रामुख्याने तिच्या रचनाप्रयोगांच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात ती अध्यापकाच्या रजेची कादंबरी म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी 'स्मॉल वर्ल्ड' (१९८४) आणि 'नाइस वर्क' (१९८८) या पुढील दोन कादंबऱ्यांचाही आवश्यक तेथे आधार घेतला आहे.

कथानकाची चौकट

इंग्लंडमधील रमिज विद्यापीठ आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील युफोरिक स्टेट विद्यापीठ यांच्यात अध्यापक-विनिमयाची योजना आहे. १ जानेवारी १९६९ रोजी इंग्रजीचे दोन अध्यापक परस्परविरुद्ध दिशांनी विमानप्रवास करीत असतात. दोघेही चाळीस वर्षांचे. सहा महिने एकाने दुसऱ्याच्या जागी काम करावयाचे आहे. काटेकोर अर्थाने ही सॅबॅटिकल रजा नव्हे, कारण दोघांनाही यजमान विद्यापीठात अध्यापन करावे लागते. परंतु नेहमीचे घर, नेहमीचा विभाग आणि नेहमीच्या जबाबदाऱ्या यांपासून मिळालेली सक्तीची मोकळीक हा रजेचा गाभा येथे पूर्णतः उपस्थित आहे.

रमिजचा फिलिप स्वॉलो हा अधिव्याख्याता आहे. त्याच्या नावावर मोजके निबंध व परीक्षणे यांपलीकडे लेखन नाही. त्याला सगळेच साहित्य आवडते आणि म्हणूनच कोणत्याही एका विषयावर ठाण मांडून बसणे त्याला जमत नाही. प्रश्नपत्रिका काढण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नाही. युफोरिक स्टेटचा मॉरिस झॅप हा त्याच्या अगदी विरुद्ध टोकाचा. पाच ग्रंथ लिहून, त्यांतील चार जेन ऑस्टिनवर, त्याने कीर्ती मिळविली आहे. ऑस्टिनच्या कादंबऱ्यांवर इतरांना बोलण्यासारखे काहीच उरू नये, इतके सर्व बाजूंनी लिहून ठेवावे हा त्याचा प्रकल्प आहे. चाळिशीत एकाकडे काहीच साध्य झालेले नाही आणि दुसऱ्याकडे साध्य करण्यासारखे काही उरलेले नाही. मध्यवयीन पेचाची ही दोन रूपे लॉज यांनी समोरासमोर ठेवली आहेत.

रजा कोणाला आणि कशासाठी?

कादंबरीतील पहिला मर्मभेदी भाग रजेच्या मंजुरीचा आहे. स्वॉलोची निवड त्याच्या गुणवत्तेमुळे होत नाही. विभागप्रमुख गॉर्डन मास्टर्स यांना रॉबिन डेम्पसी या तरुण अध्यापकाला स्वॉलोच्या आधी बढती द्यावयाची आहे आणि त्या वेळी सेवाज्येष्ठ स्वॉलो डोळ्यांसमोर नसणे त्यांच्या सोयीचे आहे. स्वॉलोला मात्र या निवडीमागचा हेतू ठाऊक नसतो. झॅपची रजाही अभ्यासासाठी नसते. पत्नी देझिरे हिने घटस्फोटाचा निर्णय घेतलेला असतो. झॅपने काही काळ घरापासून दूर राहावे या अटीवर ती सहा महिन्यांची मुदत देते आणि तो विनिमय स्वीकारतो.

म्हणजे कागदोपत्री शैक्षणिक असलेल्या या योजनेचा उपयोग एका ठिकाणी विभागातील बढतीचे राजकारण सोपे करण्यासाठी आणि दुसऱ्या ठिकाणी मोडू लागलेला संसार लांबणीवर टाकण्यासाठी होतो. लॉज यांनी हे विनोदाने सांगितले असले तरी त्यातील निरीक्षण गंभीर आहे. रजेचा अर्ज, तिचे प्रयोजन आणि तिची मंजुरी या तीन गोष्टींमागील हेतू एकच असतील असे गृहीत धरता येत नाही. संस्थेला एखाद्याची अनुपस्थिती हवी असते आणि त्या व्यक्तीला वाटते की, आपल्याला संधी मिळाली.

दोन्ही प्राध्यापकांचे परिवर्तन

रजेच्या काळात दोघांतही लक्षणीय बदल होतो, याविषयी शंका नाही. संकोची स्वॉलो युफोरियातील विद्यार्थी आंदोलनाच्या वातावरणात ओढला जातो. 'पीपल्स गार्डन'साठी जुन्या विटा नेत असताना त्याला अटक होते आणि ज्याची रमिजमध्ये कोणी दखल घेत नव्हते, तो परिसरात एकदम परिचित होतो. हा प्रसंग मे १९६९मध्ये बर्कले येथे घडलेल्या 'पीपल्स पार्क' आंदोलनावर बेतलेला आहे. इकडे झॅप रमिजमध्ये हळूहळू रुळतो, विद्यार्थ्यांच्या धरणे आंदोलनात मध्यस्थी करतो, कुलगुरूंचा सल्लागार बनतो. बढतीच्या प्रश्नावर त्याचे मत विचारले जाते तेव्हा तो डेम्पसीऐवजी स्वॉलोच्या बाजूने कौल देतो. ज्या जागेसाठी स्वॉलोला दूर पाठविले होते, ती त्याला त्याच्या अनुपस्थितीत आणि त्याच्या जागी आलेल्या पाहुण्यामुळे मिळण्याची वाट मोकळी होते.

यथावकाश दोघांच्या जागाच नव्हे, तर घरेही बदलतात. स्वॉलो देझिरेच्या आणि झॅप हिलरी स्वॉलोच्या सहवासात येतो. शेवटी चौघे न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात एकत्र येतात. कोणी कोठे परतावे याची चर्चा सुरू असतानाच, चित्रपटाच्या संहितेच्या रूपात लिहिलेल्या शेवटच्या प्रकरणात ही कादंबरी एका गोठलेल्या दृश्यावर थांबते. निर्णय वाचकाला सांगितला जात नाही.

या अनिर्णित शेवटाचे रचनेच्या अंगाने पुष्कळ कौतुक झाले आहे. आशयाच्या अंगाने पाहता तो अधिक बोलका आहे. रजा संपण्याच्या क्षणी कादंबरी संपते, कारण रजेच्या नियमांत बसणारे परिवर्तन तेथपर्यंतच जाऊ शकते. 'स्मॉल वर्ल्ड'मध्ये सुमारे दहा वर्षांनंतरचे चित्र दिसते. स्वॉलो हिलरीसह रमिजमध्येच आहे, विभागप्रमुख झाला आहे आणि हॅझलिटवर त्याने एक ग्रंथ लिहिला आहे. झॅपने ऑस्टिनचा सर्वंकष प्रकल्प सोडून उत्तर-संरचनावादाची कास धरली आहे आणि जगातील सर्वाधिक वेतन घेणारा इंग्रजीचा प्राध्यापक होण्याची आकांक्षा तो बाळगून आहे. एकाला पदोन्नती मिळाली, दुसऱ्याने सिद्धान्त बदलला. व्यवसाय, त्याची शिडी आणि त्या शिडीवर चढण्याची ओढ या तिन्ही गोष्टी पूर्वीच्याच राहिल्या. चाळिशीत अनुभवलेल्या मोकळिकीचे रूपांतर वेगळ्या कामात झाले, असे दोघांपैकी एकाबद्दलही म्हणता येत नाही.

रजा न मिळालेल्या दोघी

कादंबरीतील व्यवसायांतर खऱ्या अर्थाने कोणाच्या वाट्याला येते, हे पाहिले असता समीक्षेत सहसा दुय्यम मानल्या गेलेल्या दोन व्यक्तिरेखा पुढे येतात. विवाहापूर्वी हिलरी ही स्वॉलोप्रमाणेच संशोधक विद्यार्थिनी होती. विवाहानंतर तिचे संशोधन मागे पडले. तीन मुले आणि घर एवढेच तिचे कार्यक्षेत्र उरले. पतीच्या विनिमयाच्या काळात ती रमिजमध्येच राहते. ज्या सहा महिन्यांत स्वॉलोला सर्व कौटुंबिक जबाबदाऱ्यांतून सुटका मिळते, त्याच सहा महिन्यांत हिलरीवर त्या एकटीने पार पाडण्याची वेळ येते. 'स्मॉल वर्ल्ड'मध्ये हीच हिलरी विवाह-समुपदेशनाच्या कामाकडे वळलेली दिसते. देझिरे 'चेंजिंग प्लेसेस'मध्ये स्त्रीमुक्ती चळवळीकडे आकृष्ट झालेली आहे. पुढील कादंबरीत ती 'डिफिकल्ट डेज' या गाजलेल्या कादंबरीची लेखिका म्हणून भेटते.

म्हणजे चौघांपैकी ज्या दोघांना संस्थेने सहा महिन्यांची मोकळीक दिली, त्यांचे काम तेच राहिले. ज्या दोघींना कोणतीही रजा मिळाली नाही, त्यांनी मध्यवयात नवे काम उभे केले. ही मांडणी लॉज यांनी कितपत जाणीवपूर्वक केली हा वेगळा प्रश्न आहे. संहितेत मात्र ती स्पष्ट आहे.

कादंबरीच्या रचनेतही या गोष्टीची खूण सापडते. उड्डाण, स्थिरावणे, पत्रव्यवहार, वाचन, बदल आणि शेवट अशा अर्थाच्या शीर्षकांची सहा प्रकरणे तीत आहेत. पहिल्या दोन प्रकरणांत निवेदक दोन्ही प्राध्यापकांचा पाठपुरावा करतो. पत्नी त्यांच्या आठवणींतून व दृष्टिकोनातून दिसतात. तिसरे प्रकरण पूर्णतः पत्रांचे आहे आणि तेथे हिलरी व देझिरे प्रथमच स्वतःच्या शब्दांत बोलतात. निवेदक बाजूला सरल्याबरोबर त्या दोघींचे आवाज ऐकू येतात, हे लक्षणीय आहे. परंतु त्यांच्या नव्या व्यवसायाची घडण, त्यातील कष्ट आणि वेळ यांचे चित्रण तिन्ही कादंबऱ्यांत कोठेही केंद्रस्थानी येत नाही. ते झाल्याचे वाचकाला नंतर कळते. लेव्हिन्सन यांच्या मध्यवयाच्या अभ्यासात जी उणीव होती, तीच या कादंबरीच्या कॅमेऱ्याच्या दिशेतही आहे, हा आक्षेप नोंदविणे आवश्यक ठरते.

लेखकाचे व्यवसायांतर

या चर्चेत आणखी एक व्यक्ती विचारात घ्यावी लागते. ती म्हणजे स्वतः लॉज. १९६० साली ते बर्मिंगहॅम विद्यापीठात रुजू झाले. १९६४-६५मध्ये हार्कनेस अधिछात्रवृत्तीवर त्यांनी अमेरिकेत वास्तव्य केले आणि १९६९ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अभ्यागत अध्यापक म्हणून काम केले. कादंबरीतील विनिमयाचे वर्ष तेच. १९७६ साली ते बर्मिंगहॅममध्ये प्राध्यापक झाले आणि १९८७ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पूर्णवेळ लेखनासाठी त्यांनी विद्यापीठीय नोकरी सोडली.

बर्कलेचे वास्तव्य आणि हे व्यवसायांतर यांच्यामध्ये अठरा वर्षांचे अंतर आहे. या अठरा वर्षांत 'चेंजिंग प्लेसेस', 'हाऊ फार कॅन यू गो?' (१९८०) आणि 'स्मॉल वर्ल्ड' या कादंबऱ्या, तसेच 'द मोड्स ऑफ मॉडर्न रायटिंग' (१९७७) व 'वर्किंग विथ स्ट्रक्चरॅलिझम' (१९८१) हे समीक्षाग्रंथ त्यांनी अध्यापन करीत असतानाच सिद्ध केले. रजेने त्यांना सामग्री दिली. त्या सामग्रीचे दुसऱ्या व्यवसायात रूपांतर परतल्यानंतरच्या नित्य कामातून झाले. स्वॉलो आणि त्याचा निर्माता यांच्यातील फरक प्रतिभेचा आहे हे उघड आहे, परंतु तेवढाच नाही. परतल्यावर काय करावयाचे याची तजवीज एकाजवळ होती आणि दुसऱ्याजवळ नव्हती.

रजेची दुसरी बाजू : बदली अध्यापक

'नाइस वर्क'मध्ये लॉज यांनी आणखी एक धागा पुढे आणला. स्वॉलो अधिष्ठाता झाल्यामुळे त्याच्या अध्यापनाचा भार उचलण्यासाठी रॉबिन पेनरोज या तरुण विदुषीची तीन वर्षांच्या हंगामी पदावर नेमणूक होते. ती व्यासंगी आहे, अध्यापनात निष्णात आहे. पण १९८०च्या दशकातील अनुदानकपातीमुळे तिला कायम पद मिळण्याची शक्यता धूसर आहे. ज्येष्ठ अध्यापकाची मोकळीक आणि कनिष्ठ अध्यापकाची अस्थिरता ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत, हे या पात्रयोजनेतून स्पष्ट होते. येथे हंगामी आहे ती एक स्त्री आहे, हाही मागील विवेचनाशी जुळणारा तपशील म्हणावा लागेल.

मराठीतील समांतर उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरते. 'चेंजिंग प्लेसेस' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, म्हणजे १९७५ साली, भालचंद्र नेमाडे यांची 'बिढार' प्रकाशित झाली. 'बिढार' आणि त्यानंतरच्या 'जरीला' (१९७७) व 'झूल' (१९७९) यांचा नायक चांगदेव पाटील हाही इंग्रजीचा अध्यापक आहे आणि तोही जागा बदलतो. फरक असा की, स्वॉलो आणि झॅप यांच्याजवळ परतीचे तिकीट आहे. चांगदेव एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जातो तेव्हा मागची जागा सुटलेली असते. त्याचे वय मध्यवयाच्या अलीकडचे आहे, त्यामुळे दोहोंची सरसकट तुलना करता येणार नाही. तथापि जागा बदलण्याची चैन आणि जागा बदलण्याची पाळी यांतील अंतर या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्यावर ठळकपणे जाणवते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत सॅबॅटिकल रजेची तरतूद आहे. सहयोगी प्राध्यापक वा प्राध्यापक म्हणून सात वर्षे सेवा झालेल्या कायम अध्यापकाला एका वेळी कमाल एक वर्ष आणि संपूर्ण सेवाकाळात कमाल दोन वर्षे ही रजा मिळू शकते. अर्जासोबत नियोजित कामाचा आराखडा द्यावयाचा, रजेच्या काळात अन्यत्र नियमित नोकरी स्वीकारावयाची नाही आणि परतल्यावर केलेल्या कामाचा वृत्तान्त सादर करावयाचा, अशा तिच्या अटी आहेत. या अटी वाजवी आहेत. परंतु त्यांचा रोख रजेच्या काळावर आहे. परतल्यानंतर अध्यापकाला तेच तास, तीच समिती-कामे आणि तोच कार्यभार मिळणार असेल तर रजेत उमगलेल्या नव्या वाटेचे काय करावयाचे, याविषयी त्यांतून मार्गदर्शन होत नाही. शिवाय सहयोगी प्राध्यापक पदानंतरची सात वर्षे हा निकष लावल्यास ही रजा मिळेपर्यंत मध्यवयाचा पेच अनेकांच्या बाबतीत सुटलेला तरी असतो किंवा अंगवळणी तरी पडलेला असतो. ज्या महाविद्यालयांत रिक्त पदांचे तास तासिका तत्त्वावरील अध्यापक घेतात, तेथे एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या रजेचा भार कोणावर पडतो हे सांगण्याची गरज नाही. रॉबिन पेनरोज ही आपल्या स्टाफरूममध्ये अनोळखी व्यक्ती नव्हे.

निष्कर्ष

१. 'चेंजिंग प्लेसेस'मध्ये रजेमुळे दोन्ही प्राध्यापकांचे जगणे सहा महिने बदलते, परंतु त्यांचे काम बदलत नाही. 'स्मॉल वर्ल्ड'मधील चित्र याला पुष्टी देते.

२. मध्यवयात नवा व्यवसाय उभा करण्याचे काम हिलरी व देझिरे या रजा न मिळालेल्या व्यक्तिरेखा करतात. कादंबरी ही गोष्ट नोंदविते, पण तिच्याकडे पुरेसे लक्ष देत नाही. ही या कादंबरीची महत्त्वाची मर्यादा आहे.

३. लॉज यांचे स्वतःचे व्यवसायांतर हे रजेपेक्षा परतल्यानंतरच्या दीर्घ, नित्य परिश्रमांचे फलित होते.

४. रजेची मंजुरी हा संस्थेतील हितसंबंधांशी निगडित प्रश्न आहे आणि रजेची किंमत अनेकदा हंगामी अध्यापक चुकवितो. अध्यापकाच्या परिवर्तनाचा विचार या दोन बाबी वगळून करता येणार नाही.

'ह्युमिलिएशन' नावाचा एक खेळ या कादंबरीत आहे. आपण न वाचलेल्या पुस्तकाचे नाव सांगावयाचे आणि उपस्थितांपैकी जितक्यांनी ते वाचले असेल तितके गुण मिळवावयाचे. हॉवर्ड रिंगबॉम हा अध्यापक जिंकण्याच्या ईर्ष्येने आपण 'हॅम्लेट' वाचले नसल्याचे सांगतो. खेळ जिंकतो, पण नोकरीतील कायमपद गमावतो. जे येत नाही ते मान्य करण्यास जेथे शिक्षा होते, तेथे चाळिशीनंतर नवे काही शिकू पाहणाऱ्या अध्यापकाची अवस्था कशी असेल, हे या प्रसंगावरून समजते. नव्या विषयाचा आरंभ अज्ञानाच्या कबुलीनेच करावा लागतो. ती कबुली देण्याइतकी सुरक्षितता ज्या विभागात आहे, तेथे रजा उपयोगी पडेल. ती जेथे नाही, तेथून रजेवर गेलेला अध्यापक वर्षभराने वृत्तान्त सादर करील आणि पूर्वीच्याच वेळापत्रकावर सही करून वर्गात जाईल.